स्वयंपाकघर सोडून

आमचं आडनाव पारसनीस. शिंदेसरकारच्या दरबारात फारसी पत्रं लिहिणारे, वाचणारे, ते आम्ही. माझ्या पणजोबांना फारसी येत असे. आजोबांना समजत असे. वडिलांना, म्हणजे भय्यासाहेबांना, नुसतं आडनाव येत असे. आणि मी, गोपाळकृष्ण, इंटरला दोनदा नापास झालो. दोन्ही वेळा इंग्रजीत. तेव्हा घराण्याचा उतार माझ्यापाशी येऊन सपाट झाला असं म्हणायला हरकत नाही.

संस्थान विलीन झालं, मध्यभारत झालं, भय्यासाहेब दप्तरातून निवृत्त झाले. माधवनगरात दोन खोल्या भाड्यानं घेऊन आम्ही बापलेक राहू लागलो. माझी आई मी चार वर्षांचा असतानाच गेली होती. मी नोकरी शोधत होतो, म्हणजे रोज इस्त्रीचा सदरा घालून बाहेर पडत होतो आणि घामेजून परत येत होतो. चोपन्न साली सरकारनं हिवतापाविरुद्ध मोहीम काढली, तिच्यात माणसं हवी होती. मला घेतलं. का घेतलं ते मला आजतागायत कळलेलं नाही. बहुधा माझं अक्षर चांगलं होतं म्हणून.

हुद्दा मलेरिया इन्स्पेक्टर. काम म्हणजे चार मजुरांची टोळी घेऊन गावोगाव जायचं, डीडीटीची पूड पाण्यात कालवायची, बादलीत उभा केलेला पंप एकानं दाबायचा, दुसऱ्यानं लांब नळीनं घराच्या भिंतींवर फवारायचं. एक घर झालं की दारावर गेरूनं तारीख आणि शेरा. शेरा लिहिणं माझ्याकडे.

पहिल्या दिवशी खाकी अर्धी चड्डी घालून मी बाहेर निघालो तेव्हा भय्यासाहेबांनी वर्तमानपत्र डोळ्यांपुढे धरलं. माझ्या पायांकडे पाहून ते म्हणाले, "पणजोबा पालखीतून जात असत."

"मला सायकल दिली आहे," मी म्हणालो.

"ते दिसतंय."

नातेवाईकांनी विचारलं की ते सांगत, "गोपू हेल्थमध्ये आहे." काहींचा समज झाला की मी डॉक्टर झालो. मी तो खोडून काढला नाही. एका काकूंनी तर मला जीभही दाखवली होती.

कामावर घेण्याआधी इंदूरला तीन आठवडे शिकवलं. मलेरियाचा डास शेपूट वर करून तिरका बसतो, साधा डास सपाट बसतो. माणसाचं रक्त पिऊन झालं की हा तिरका डास जड पोटानं जवळच्या भिंतीवर टेकतो, आणि तिथं डीडीटी असली की तिथंच संपतो. म्हणून माणूस झोपतो त्या खोलीची प्रत्येक भिंत फवारायची. हे सगळं मी वहीत सुरेख उतरवलं. डासाचं माझं चित्र वर्गात लावलं होतं. त्यानंतर बोट टोचून काचपट्टीवर रक्ताचा थेंब घ्यायचं शिकवलं. शेजारच्याच्या बोटावर लाल थेंब उभा राहिला, आणि शुद्धीवर आलो तेव्हा मी बाकाखाली होतो. शिकवणारे म्हणाले, "हरकत नाही, तुम्ही फवारणीवर राहा."

पंचावन्नच्या वैशाखात माझं लग्न झालं. अहल्या वाईची. तिला हिंदी येत नव्हती आणि माझी मराठी ऐकून तिला वाटायचं की मलाही मराठी येत नाही. "मी येऊन राहिलोय म्हणजे काय हो?" ती विचारायची. "येताय की राहताय?" पुढच्या खोलीत भय्यासाहेब झोपत, तेव्हा आम्ही दोघं मागच्या खोलीत, म्हणजे स्वयंपाकघरात. चुलीच्या एका बाजूला देव, एका बाजूला आमची वळकटी. नवीन संसार होता, तक्रार नव्हती.

माझ्याकडे जी गावं होती त्यांत नानाखेडा होतं. आज तिथं कॉलन्या उठल्या आहेत आणि बसेस उभ्या असतात. तेव्हा ते शहराबाहेरचं खेडं होतं. एकशे चौदा घरं, ज्वारीचे मळे आणि विटांसाठी माती काढून झालेले खड्डे. पावसाळ्यात ते भरत आणि दिवाळीपर्यंत भरलेले राहत. डासांसाठी त्याहून चांगली व्यवस्था सरकारलाही करता आली नसती.

छप्पन्नच्या आषाढात मी टोळी घेऊन तिथं गेलो. चावडीसमोर भाषण केलं. भाषणाची मला हौस होती. बायका पदराआडून ऐकत होत्या. फवारणी सुरू झाली आणि पहिल्याच घरात अडचण आली. ओसरी झाली, बैठक झाली, स्वयंपाकघराच्या दारात, चूल आणि देव पाठीशी घालून, म्हातारी उभी. "चूल्हा है, ठाकुरजी हैं. यहाँ नी."

आता नियम मला तोंडपाठ होता. पण परक्याच्या स्वयंपाकघरात जोड्यांसकट चार माणसं घेऊन शिरायचं, म्हातारीशी वाद घालायचा, हे माझ्या अंगात नव्हतं. मला लाज वाटली. मी मान हलवली, बाहेर आलो आणि दारावर लिहिलं, 'पूर्ण'. दुसऱ्या घरी तेच. तिसऱ्या घरी तर मीच आधी म्हणालो, "रसोई रहने दो." मजूर खूश, कारण काम लवकर आटपत होतं. म्हाताऱ्या खूश. साब समजूतदार आहे अशी माझी कीर्ती झाली आणि मी ती चाखत गावभर फिरलो.

एकाच घरात मला कोणी अडवलं नाही. ते अंबिकाबाईचं घर. चाळिशीची विधवा, तीन म्हशी, रोज डोक्यावर चरवी घेऊन माधवनगरात दूध घालायला येणारी. तिनं स्वयंपाकघरातली भांडी स्वतःच बाहेर काढून ठेवली होती. मी सवयीनं म्हणालो, "रसोई रहने दो, बाई."

"क्यों?" ती म्हणाली.

"वहाँ जरूरत नहीं."

"मच्छर रसोई में नी बैठेगा, ऐसा उससे लिखवा लिया है?"

मजूर हसले. मला राग आला. मी म्हणालो, "कायदे में नहीं है." कायद्यात नेमकं तेच होतं. पण एकशे चौदापैकी एकाच घरात स्वयंपाकघर फवारलं असतं तर बाकीच्यांचं काय, असं कोणी विचारलं असतं. तिनं माझ्याकडे जरा वेळ पाहिलं, आणि भांडी पुन्हा आत नेली. दारावर मी लिहिलं, 'पूर्ण'. अक्षर चांगलंच होतं.

घरीही काही वेगळं नव्हतं. आमच्या वस्तीत फवारणी झाली तेव्हा भय्यासाहेब सोवळं नेसून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसले. मी पुढची खोली फवारून घेतली आणि आमच्याही दारावर लिहिलं, 'पूर्ण'.

आश्विनात नानाखेड्यात ताप सुरू झाला. एकाआड एक दिवस येणारा, आधी हुडहुडी, मग अंगाची लाही, मग घाम. तिथले लोक त्याला तिजारी म्हणत. आमचे डॉक्टरसाहेब, मोहिमेचे जिल्ह्याचे अधिकारी, स्वतः गेले, रक्ताच्या काचपट्ट्या घेऊन आले. तेवीस जणांच्या रक्तात मलेरिया निघाला. त्यांत एकोणीस बायका आणि लहान मुलं.

डॉक्टरसाहेब टेबलावर यादी पसरून बसले. "पारसनीस, हे उलटं कसं? पुरुष शेतात, ओट्यावर, उघड्यावर झोपतात. चावायचे तर त्यांना जास्त चावतील. बायका तर आत, फवारलेल्या घरात झोपतात."

बायका लहान मुलांना घेऊन स्वयंपाकघरात झोपतात, कारण तेवढीच खोली त्यांची असते, हे मला त्या क्षणी कळलं. मीही तर स्वयंपाकघरातच झोपत होतो. तरी एकशे चौदा घरं फिरताना हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मी म्हणालो, "विचार करण्यासारखं आहे, साहेब."

त्यांनी विचार केला आणि ठरवलं की डीडीटीच खराब. कोठीत ओल लागली असणार. कोठी सांभाळणारे विष्णुपंत, साधे गृहस्थ, निवृत्तीला दीड वर्ष उरलेलं, पूड कोरडी राहावी म्हणून पोत्यांखाली स्वतःच्या घरच्या फळ्या आणून टाकलेले. त्यांच्यावर ठपका ठेवणारं पत्र तयार झालं. ते त्याच दिवशी गेलं असतं, पण कुठं पाठवायचं हे कोणाला माहीत नव्हतं. दोन आठवड्यांत मध्यभारत संपून मध्यप्रदेश होणार होता. वरचं ऑफिस ग्वाल्हेर, इंदूर की भोपाळ, यावर बडेबाबू आणि टायपिस्ट यांचं एकमत होईना. राज्यांची पुनर्रचना कशासाठी झाली यावर विद्वानांची वेगवेगळी मतं आहेत. माझ्यापुरतं विचाराल तर मला भ्यायला चार दिवस जास्त मिळावेत म्हणून ती झाली.

मी ते चारही दिवस मन लावून भ्यालो. विष्णुपंतांनी मला चहा पाजला आणि म्हणाले, "गोपाळराव, तुम्ही सांगा साहेबांना, पूड कोरडी होती. तुम्ही तर स्वतः कालवली आहे." मी म्हणालो, "बघतो." आणि चहा पिऊन आलो.

पाचव्या दिवशी दुपारी घरी जेवायला आलो तर अहल्या वळकटीवर दोन गोधड्या घेऊन थडथडत होती. दात वाजत होते. तिला पाचवा महिना होता. भय्यासाहेब दारात उभे होते, हातात रिकामा तांब्या, आत यावं की नाही हे न कळल्यासारखे.

मी तिच्यापाशी बसलो. तासाभरानं थंडी उतरून अंग तापलं. मला वाटलं होतं ती बरळतेय, पण ती शुद्धीवर होती.

"अहो," ती म्हणाली, "इथं औषध मारलं नव्हतं ना?"

"नाही."

"मग दारावर पूर्ण का लिहिलंय?"

मी तिला सगळं सांगितलं. नानाखेड्याच्या म्हाताऱ्या, अंबिकाबाई, विष्णुपंत, चहा. सांगताना मी स्वतःला थोडं बरं दाखवायचा प्रयत्न केला, पण ते जमेना. तिनं डोळे मिटून ऐकलं.

"हे मला कशाला सांगताय?" ती म्हणाली. "मला तर आता कळलंच. ज्यांना कळलं नाही त्यांना सांगा."

मी सायकल काढली. वाटेत भाषण तयार केलं. त्यात 'परिस्थिती', 'स्थानिक भावना' आणि 'काही प्रमाणात' हे शब्द होते. डॉक्टरसाहेबांसमोर उभा राहिलो आणि सगळं विसरलो.

"साहेब, पूड चांगली होती. मी स्वयंपाकघरं सोडली. घरचंसुद्धा, बायकोला ताप आलाय."

"किती घरांची?"

"एकशे चौदा."

"त्यात स्वयंपाकघरं किती?"

"एकशे चौदा."

त्यांनी चष्मा काढला. ओरडतील असं वाटलं. पण ते एवढंच म्हणाले, "आणि सगळीकडे पूर्ण लिहिलंत." मग खणातून विष्णुपंतांवरचं पत्र काढून फाडलं. "दिवाळीआधी सगळी स्वयंपाकघरं व्हायला हवीत. बायका दिवाळीचं सारवण काढतील, त्यांना सांगा, फवारल्यावर भिंत लिंपायची नाही. नळी तुम्ही स्वतः धरायची. इन्स्पेक्टर म्हणून नाही, मजूर म्हणून. आणि आधी बायकोच्या रक्ताची काचपट्टी आणा, गोळ्या मी देतो."

काचपट्टी आणा म्हणाले. मी सुई घेऊन घरी आलो, अहल्याचं बोट धरलं, डोळे मिटले आणि स्वतःच्या अंगठ्यात सुई खुपसली. तापातही ती हसली. शेवटी तिनं स्वतःच टोचून घेतलं. मी भिंतीला टेकून बसलो होतो, कारण उभं राहण्यात धोका होता.

गोळ्या कडू होत्या, पण तीन दिवसांत ताप उतरला. तोवर घरात आणखी एक काम होतं. मी पंप घेऊन आलो तेव्हा भय्यासाहेब उंबऱ्यावर बसलेच होते. मी म्हणालो, "भय्यासाहेब, उठा. आज ऐकायचं नाही." आयुष्यात पहिल्यांदा म्हणालो, त्यामुळे आवाज मधेच चिरकला.

ते उठले नाहीत. जमिनीकडे पाहत म्हणाले, "तुझी आई अशीच गेली."

मला लहानपणापासून सांगितलं होतं की तिला वात झाला होता.

"वात नव्हता. हाच ताप. दवाखान्यात क्विनीन फुकट वाटत होते. रांग होती. त्या रांगेत आमच्या दप्तराचे शिपाई, झाडूवाले, सगळे उभे. पारसनिसांनी तिथं कसं उभं राहायचं? मी म्हटलं, उद्या सकाळी लवकर जाऊ, गर्दी नसेल." त्यांनी उंबऱ्यावरची धूळ बोटानं पुसली. "दोन उद्या गेले."

  त्यांना रांगेची लाज वाटली, मला म्हाताऱ्यांची. फारसी गेली, पालखी गेली, घराण्यात एवढं एक मात्र नीट उतरत आलं होतं. भय्यासाहेब उठले, ताम्हणात एकेक देव ठेवले आणि ताम्हण दोन्ही हातांत धरून शेजाऱ्यांच्या ओट्यावर जाऊन बसले. मी फवारलं. भिंतींवर पांढुरकी झाक आली. ते परत आले तेव्हा म्हणाले, "कोपरा राहिला बघ." खरंच राहिला होता.

नानाखेड्यात जाणं त्याहून अवघड होतं. आषाढात 'रहने दो' म्हणणारा मीच आता 'आत येऊ द्या' म्हणून दारोदार उभा. पहिल्या तीन दारांतून परत पाठवलं. एक म्हातारी म्हणाली, "तमने ही तो बोला था, जरूरत नी." मी अंबिकाबाईकडे गेलो. तीही आजारी होती. गालफडं बसली होती, म्हशीच्या गोठ्यात खाटेवर बसली होती.

"बाई, गलती मेरी थी," मी म्हणालो. "कायदे में रसोई थी."

"मालूम है," ती म्हणाली.

"कैसे?"

"तुम झूठ बोले तो कान लाल हो गए थे."

मी कानाला हात लावला. ती हळूच उठली, डोक्यावर पदर घेतला आणि माझ्यापुढे चालू लागली. तिच्या अटी तिनं वाटेतच सांगितल्या. जोडे बाहेर. आत जाताना आधी घरची बाई जाईल, भांडी आणि पीठ झाकेल, ठाकुरजींना उचलेल. मग एकच माणूस, फक्त मी, नळी घेऊन. पंप बाहेरून दाबायचा. काम झालं की बाईनं बघायचं, राहिलेला कोपरा दाखवायचा. हे सगळं इतकं साधं होतं की तीन आठवड्यांच्या शिक्षणात कोणाला सुचलं नसावं.

ती प्रत्येक दारात काय बोलली ते मला ऐकू आलं नाही. एका ठिकाणी मात्र तिचा आवाज चढला, "बहू को तिजारी है, और तेरे ठाकुरजी को पिचकारी से डर लगता है?" दार उघडलं.

पाच दिवसांत एकशे चौदा स्वयंपाकघरं झाली. माझे खांदे भरून आले, केसांत, भुवयांत पांढरी पूड. अनवाणी पायानं एका चुलीतला निखाराही तुडवला. गावातल्या बायका मला घाबरेनाशा झाल्या, कारण माझ्यात घाबरण्यासारखं काही उरलं नव्हतं.

काचपट्ट्यांचं काम राहिलं होतं. ज्यांना ताप होता त्यांचं रक्त पुन्हा तपासायचं होतं, आणि बायका मजुरांच्या हातात बोट देत नव्हत्या. माझ्या हातात दिलं तर मी पडत होतो. पहिल्या बाईच्या बोटापाशी सुई नेली आणि माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. अंबिकाबाईनं माझ्या हातातून सुई काढून घेतली. "भैंस ब्याते देखी है मैंने," ती म्हणाली, "ये तो एक बूँद है." एकदा दाखवल्यावर तिनं बोट पुसून, एका टिचकीत टोचून, थेंब काचेवर इतका नेटका घेतला की डॉक्टरसाहेबांनी विचारलं, "ह्या काचपट्ट्या कोणी केल्या?" मी यावेळी खरं सांगितलं. सवय लागत होती.

ते म्हणाले, "त्या बाईंना म्हणावं, करत राहा." कागदावर काही नव्हतं. पण पुढची पाच वर्षं नानाखेड्यात आणि आसपासच्या चार खेड्यांत बायकांची बोटं अंबिकाबाईनंच टोचली. दूध घालून झालं की ती चरवीतूनच काचपट्ट्यांचा डबा घेऊन आमच्या ऑफिसात यायची आणि विष्णुपंत निवृत्त होईपर्यंत त्यांच्याच टेबलावर ठेवायची. विष्णुपंतांना पत्राची गोष्ट कळली होती.  त्यानंतर त्यांनी मला कधी चहा विचारला नाही. ते बरोबरच होतं.

फाल्गुनात आम्हाला मुलगी झाली. सुखरूप. भय्यासाहेबांनी तिचं नाव मीरा ठेवलं, आणि तिच्या पाळण्यावर मच्छरदाणी स्वतः बांधली. गाठी इतक्या घट्ट की सोडवायला कात्री लागली. आताशा कोणी विचारलं की गोपू काय करतो, तर ते सांगत, "मच्छर मारतो. आमच्या घरात आधी मारायला हवे होते."

एकसष्ट साली नानाखेड्यात वर्षभरात एकाही काचपट्टीत मलेरिया निघाला नाही. पुढे तो परत यायचा होता, बऱ्याच वर्षांनी आणि बऱ्याच ठिकाणी, पण ते तेव्हा कोणाला माहीत नव्हतं. उत्तम कामाबद्दल भोपाळहून प्रशस्तिपत्रक आलं. त्यावर माझं नाव होतं. मी म्हणायला हवं होतं की हे चुकीच्या पत्त्यावर आलं आहे. मी ते घेतलं, फोटोही काढून घेतला. फोटोत माझे कान कसे दिसतात ते मी सांगत नाही.

त्याच वर्षी घरोघर जाऊन तापाची चौकशी करणाऱ्या पगारी माणसांची भरती निघाली. मॅट्रिक पास हवा असं त्यात लिहिलं होतं. अंबिकाबाईला सहीसुद्धा येत नव्हती. मी अर्ज लिहिला, डॉक्टरसाहेबांनी शिफारस केली, भोपाळनं नियम दाखवला. नियम मला पुन्हा एकदा तोंडपाठ झाला.

मी प्रशस्तिपत्रक घेऊन तिच्याकडे गेलो. सांगायचं होतं की नोकरी झाली नाही, आणि हे खरं तर तुमचं आहे. ती म्हशीला पेंड घालत होती. मी वाचून दाखवलं. तिनं ऐकून घेतलं, ओले हात पदराला पुसले, कागद हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि परत दिला.

"अच्छा है," ती म्हणाली. "घर में लगा लो. बच्ची देखेगी."

"नौकरी का नहीं हुआ, बाई."

"नी हुआ तो नी हुआ." तिनं मला ताकाचा पेला दिला. मी पीत असताना ती गोठ्यातल्या कोनाड्यातून काचपट्ट्यांचा डबा काढत होती. "गली के उस छोर पर नई बहू आई है, मायके से बुखार ले के. उसकी सास मानती नी. तुम बात करो, सुई मैं लगाऊँगी."

मी पेला खाली ठेवला, जोडे हातात घेतले आणि तिच्या मागून निघालो.